ख्रिस्तपुराण आणि जुनं ख्रिस्ती मराठी वाङ्मय: ग्रंथालयाच्या वाचनयादीत काय ठेवावं?

ग्रंथपाल_उत्तरवसई

नमस्कार. आमच्या कॅथलिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून दर महिन्याला चार पानी पत्रक निघतं: नवीन पुस्तकं, ग्रंथालयातल्या घडामोडी आणि एका विषयावरची वाचनयादी. पुढच्या अंकाचा विषय इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण (बायबलकथा सांगणारा सतराव्या शतकातला मराठी ओवीग्रंथ) आणि त्याच्या आसपासचं वाङ्मय असा ठरला आहे. वाचक दोन तऱ्हेचे आहेत. एम. ए. मराठीचे विद्यार्थी आणि धर्मग्रामातली वाचनाची आवड असलेली मंडळी. जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे:

कोणती आवृत्ती कुणाच्या हातात द्यावी? सुरुवात कुठून करावी? १९०७ च्या रोमन लिपीतल्या आवृत्तीचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवून ठेवलंय, पण मुलांना ते वाचता येत नाही आणि त्यात शब्द शोधला तर सापडत नाही. शिवाय आमच्या कोहा या ग्रंथसूची-प्रणालीत 'ख्रिस्तपुराण' टाकलं की शून्य निकाल येतात, पुस्तक समोर कपाटात असताना.

ओवीबद्ध

आवृत्त्यांपासून सुरू करतो, कारण पत्रकात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पुराण पहिल्यांदा १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे 'मूळ १६१६ च्या प्रतीचं पान' म्हणून कुणी छायाचित्र पाठवलं तर ते छापू नका. आज आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून आलेला आहे.

१९०७ ची मंगळूरची आवृत्ती जोसेफ सालढाणा यांनी रोमन हस्तलिखितांवरून तयार केली. तिच्यात चरित्रात्मक टिपण, प्रस्तावना, इंग्रजीत अध्यायवार सारांश आणि शब्दसूची आहे. मूळ ओव्या रोमनमध्ये वाचायच्या नसल्या तरी सारांशासाठी ही प्रत हाताशी हवीच. कुठल्या अवस्वरूत कोणती कथा आहे ते त्यातून पाच मिनिटांत कळतं. अवस्वरू म्हणजे इथला अध्याय. 'पैलें पुराण' ३६ अवस्वरूंचं, 'दुसरें पुराण' ५९ अवस्वरूंचं. ओव्या अनुक्रमे ४,१८१ आणि ६,७८१, एकूण १०,९६२.

नागरीत आलेल्यांपैकी शांताराम बंडेलू यांची १९५६ ची पुण्याची आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत मिळते. गद्य मराठी अर्थासह हवी असेल तर कॅरिदाद द्रागो यांची पॉप्युलर प्रकाशनाची १९९६ ची आवृत्ती आणि नेल्सन फलकाव यांची २००९ ची. धर्मग्रामातल्या वाचकांना या दोहोंपैकीच एक द्या. नुसती ओवी हातात दिली तर बहुतेक जण दहाव्या पानाच्या पुढे जात नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

एम. ए. च्या मुलांना मात्र आणखी एक गोष्ट सांगा. लंडनला सोआस या उच्चशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात मार्सडेन संग्रहात पुराणाचं देवनागरी हस्तलिखित आहे. रोमन परंपरेत धर्मसंज्ञा जिथे पोर्तुगीज किंवा लॅटिन आहेत, तिथे त्या हस्तलिखितात पुष्कळदा संस्कृत वळणाचे शब्द येतात. स्टीफन्स यांनी आधी काय लिहिलं असेल हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून 'स्टीफन्स अमुक शब्द वापरतात' असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी आपल्या हातातली आवृत्ती कोणत्या पाठावरून केली आहे ते संपादकीय निवेदनात बघायचं. न बघता केलेली शब्दगणना निरुपयोगी ठरते.

वाचायचा क्रम: पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वरू पूर्ण वाचावा. ग्रंथ का लिहिला, कुणासाठी लिहिला, मराठीच का निवडली हे सगळं तिथे आहे. भाषेची स्तुती १२० व्या ओवीच्या आसपास सुरू होते. त्यानंतर सरळ दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्मावर जावं. आदम-हव्वेपासूनची जुन्या कराराची कथा नंतर सावकाश वाचली तरी चालते. पहिल्या पानापासून क्रमानं नेटानं वाचत जाण्याचा सल्ला मी नवख्याला देणार नाही.

बार्देसचा_वाचक

रोमन प्रतीबद्दल सांगतो. ती इंग्रजीसारखी वाचायला गेलं की सगळं बिघडतं. लिपी रोमन असली तरी अक्षरांच्या किमती पोर्तुगीज वळणाच्या आहेत. चार शब्द फळ्यावर लिहून द्या, मुलं तासाभरात वाचायला लागतील.

'रत्नकिळा' हा शब्द तिथे आर-ए-टी-एन-ए, मग क्यू-यू-आय, मग एल-एल-ए असा येतो. म्हणजे क्यू-यू-आय हा 'कि', आणि दुहेरी एल हा 'ळ'. 'चोखळा' मध्ये क्यू-एच आहे, तो 'ख'. 'भासा' मध्ये दोन एस आहेत, पण उच्चार साधा 'स'च, कारण पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकटा एस 'झ'कडे झुकतो. 'मराठी' मध्ये टी-टी-एच, तो 'ठ'. मूर्धन्य अक्षरं दुहेरी लिहायची अशी ही रीत: दुहेरी एन 'ण', दुहेरी डी 'ड', दुहेरी टी 'ट'. एक्स दिसला की 'श'. शब्दाच्या शेवटी एम असेल तर बहुतेक वेळा तो अनुस्वार, 'म' नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र रोमनमध्ये कळत नाही. तिथे नागरी आवृत्ती शेजारी ठेवावीच लागते.

आता शोध का लागत नाही ते. स्कॅनमागचा मजकूर यंत्रानं वाचलेला असतो, आणि इंग्रजी समजून वाचलेला असतो. अक्षरांवरच्या खुणा गळतात, दुहेरी एल कधी दोन आय होतात, कधी एच. त्यामुळे शब्दानं शोधूच नका. पुराण, अवस्वरू, ओवी या तीन आकड्यांनी शोधा. पीडीएफला बुकमार्क करून ठेवलेत तर उत्तम: ९५ अवस्वरूंचे ९५ बुकमार्क, एका विद्यार्थ्याचं एका दुपारचं काम. प्रत्येक बुकमार्कच्या नावात अवस्वरूच्या पहिल्या ओवीचे दोन शब्द नागरीत टाका. एका आवृत्तीचा ओवीक्रमांक दुसऱ्या आवृत्तीत शोधताना आधी अवस्वरूची पहिली आणि शेवटची ओवी जुळते का ते पाहा. शेवटची जुळली नाही तर मध्ये कुठेतरी क्रमांक सरकलाय असं समजायचं.

शब्दार्थासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथेच तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे, पण त्याचा आवाका साधारण १३५० पर्यंतचा. ख्रिस्तपुराण त्याच्या अडीचशे वर्षं पुढचं, त्यामुळे तिथे शब्द नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. गोव्यातली माणसं जे शब्द आजही बोलतात असे कितीतरी पुराणात आहेत. एखादा कोकणी भाषक वाचनाला सोबत असला तर कोशाची निम्मी कामं वाचतात.

ग्रंथपाल_उत्तरवसई

हे फारच उपयोगी. कपाटाबद्दलही विचारायचं होतं: आमच्याकडे पुराण ड्युई वर्गीकरणाच्या २३२ खाली, म्हणजे ख्रिस्तचरित्रांत आहे. मराठीचे विद्यार्थी त्या कपाटाकडे फिरकतच नाहीत. हलवावं का?

सूचीकार

हलवा. ड्युईत मराठी साहित्य ८९१.४६, त्यातलं काव्य ८९१.४६१. हा ओवीबद्ध काव्यग्रंथ आहे आणि त्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा आहे, तेव्हा मूळ ग्रंथ तिथेच शोभतो. धर्मशास्त्राच्या वाचकांसाठी विषयनोंदीत येशू ख्रिस्त आणि बायबलकथा हे दोन्ही विषय द्या, म्हणजे शोधात तिकडूनही येईल. मात्र स्टीफन्स यांची धर्मशिक्षणाची 'दौत्रिना क्रिस्तां' (१६२२) आणि व्याकरण, म्हणजे 'आर्त' (१६४०), ही कोकणीची पुस्तकं आहेत. लेखक एक म्हणून ती पुराणाशेजारी लावू नका.

कोहात शून्य निकाल येण्याची तीन कारणं असू शकतात, याच क्रमानं तपासा.

पहिलं आणि सर्वांत संभाव्य: कोहातलं झेब्रा हे शोधयंत्र सीएचआर या निर्देशांकन पद्धतीवर आहे. ती लॅटिन लिपीसाठी. देवनागरीसाठी आयसीयू लावावी लागते. बदलल्यावर सगळ्या नोंदींचं निर्देशांकन पुन्हा पूर्ण करायचं, नाहीतर जुन्या नोंदी सापडणारच नाहीत आणि सेटिंगचा उपयोग झाला नाही असं वाटेल.

दुसरं: लेखनभेद. ख्रिस्तपुराण, क्रिस्तपुराण, ख्रिस्त पुराण असं सुटं, आणि सालढाणांचं रोमन शीर्षक. मुख्य शीर्षक पुस्तकावर आहे तसंच मार्क सूचीनोंदीच्या २४५ या फील्डमध्ये ठेवा आणि बाकी सगळी रूपं २४६ मध्ये, प्रत्येक रूप वेगळ्या फील्डमध्ये. एकाच फील्डमध्ये स्वल्पविराम देऊन कोंबू नका. नोंद रोमनमध्ये केली असेल तर देवनागरी रूप ८८० मध्ये जोडा. लेखकाचंही तसंच. स्टीफन्स, स्टीव्हन्स, पाद्री एस्तेव्हांव, बुश्तांव अशी नावं जुन्या पुस्तकांत भेटतात. प्राधिकार नोंदीत (नावाचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीत) एक रूप पक्कं करून बाकीची ४०० मध्ये 'पाहा' म्हणून द्या.

तिसरं: प्रकाशनवर्ष. बऱ्याच ठिकाणी १९५६ च्या प्रतीला वर्ष १६१६ टाकलेलं असतं. मग वाचकानं 'विसावं शतक' अशी गाळणी लावली की पुस्तक गायब. हातातल्या आवृत्तीचं वर्ष २६४ मध्ये, आणि १६१६ हे टीप म्हणून ५०० मध्ये.

ओवीबद्ध

यादीत पुराणाच्या आजूबाजूचं काय घ्यावं हे राहिलं होतं.

स्टीफन्स यांची दोन पत्रं जरूर घ्या. १० नोव्हेंबर १५७९ चं गोव्याहून वडिलांना लिहिलेलं पत्र हॅकलूटच्या प्रवासवर्णनसंग्रहात आहे. त्यात लिस्बनहून गोव्यापर्यंतचा सागरी प्रवास आहे. दुसरं १५८३ चं भावाला लिहिलेलं. त्यात गोव्यातल्या कुंकळ्ळीत जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले त्या घटनेचा वृत्तांत आहे आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं निरीक्षणही. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्स यांचं सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ चं. हे एवढं एक पत्रच मुलांना स्टीफन्स यांच्याकडे ओढून आणतं.

त्या काळातली जेझुइटांची पत्रं 'दोकुमेंता इंदिका' या १८ खंडांत आहेत, १५४० ते १५९७ पर्यंतची. तुमच्याकडे नसतील तर पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात किंवा मुंबईत सेंट झेवियर्सच्या हेरास संस्थेत चौकशी करा. मजकूर लॅटिन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये आहे.

छपाईसाठी अ. का. प्रियोळकर यांचं भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरचं १९५८ चं इंग्रजी पुस्तक. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना कसा आला, पुढे नागरी खिळे का झाले नाहीत आणि म्हणून पुराण रोमनमध्ये का छापावं लागलं, हे त्यातून उलगडतं. त्याच्याच जोडीला प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं (चर्चच्या धर्मन्यायालयावरचं) १९६१ चं पुस्तकही ठेवा. कॅथलिक ग्रंथालयानं ते टाळू नये असं माझं ठाम मत आहे. स्थानिक भाषेविरुद्धचा १६८४ चा फतवा ठाऊक नसेल तर ही परंपरा पुढे का खुंटली ते कळणार नाही.

अलीकडचं म्हणाल तर १९०३ पासूनचं 'निरोप्या' मासिक, तुमच्या वसईची 'सुवार्ता', आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. बायबल शेजारी ठेवून पुराणातला तोच प्रसंग वाचला की स्टीफन्स यांनी काय वाढवलं, काय गाळलं ते आपोआप दिसतं. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' पंथ वेगळा म्हणून वगळू नका. ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याचा तो तीनशे वर्षांनंतरचा प्रयत्न आहे, लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेला.

बार्देसचा_वाचक

गोव्यात येणाऱ्यांसाठी: पर्वरीचं थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र, तिथलंच झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आणि पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. आधी लेखी कळवावं. महाविद्यालयाचं परिचयपत्र, ओळखपत्र आणि 'कोणती प्रत, कशासाठी' हे दोन ओळींत लिहिलेलं असावं. 'जुनी पुस्तकं बघायची आहेत' एवढंच सांगितलं तर कुणी काही काढून देऊ शकत नाही. हस्तलिखितापाशी शिसपेन्सिलच चालते, आणि फोटोसाठी वेगळी परवानगी लागते.

ग्रंथपाल_उत्तरवसई

दोनच शंका. द्रागो-फलकाव यांची प्रत्येकी एकेक प्रत आहे, विद्यार्थ्यांना झेरॉक्स देता येईल का? आणि उपवासकाळात धर्मग्रामात जाहीर वाचन ठेवायचं तर एका बैठकीत किती घ्यावं?

सूचीकार

स्टीफन्स यांच्या मूळ ओव्यांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. आधुनिक गद्य अर्थ, टिपा, प्रस्तावना यांवर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अभ्यासासाठी एखाद्या अवस्वरूची प्रत विद्यार्थ्यानं स्वतःसाठी काढणं कलम ५२ खालच्या वाजवी वापरात बसतं. पूर्ण पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅप गटावर टाकणं बसत नाही. पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्या व्याख्येत येतं का ते आधी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, आणि त्याआधी प्रकाशकाकडे साठा आहे का हे विचारा.

ओवीबद्ध

अवस्वरूची सरासरी ११५ ओव्यांच्या आसपास पडते. ओवीला दहा सेकंद धरले तर एक अवस्वरू वीस मिनिटांत होतो. त्यावर पंधरा मिनिटं अर्थ. एका बैठकीला एकच अवस्वरू, त्याहून जास्त नको. दोन वाचक ठेवा: एकानं ओवी म्हणायची, दुसऱ्यानं दर दहा ओव्यांनी गद्य अर्थ वाचायचा. पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, त्यामुळे चौथ्यावर थांबायचं. नवखे वाचक तिसऱ्यावर थांबतात आणि अर्थ तुटतो. दुःखसहनाचे अवस्वरू दुसऱ्या पुराणाच्या उत्तरार्धात आहेत. सालढाणांच्या सारांशातून क्रमांक काढा, आणि वाचकांना मोठ्या अक्षरात नागरीत टाइप करून आठवडाभर आधी द्या.