इंग्लंडात जुनी हेराल्ड गाडी घ्यायची, तीन आठवडे चालवायची, मग मेलबर्नला आणायची. कागदपत्रांचं कसं करायचं?

निशा_मेलबर्न

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सव्वा महिना भावाकडे लेस्टरला जातेय आणि लहानपणापासून मनात असलेली गाडी या वेळी घ्यायचीच असं ठरवलंय, ट्रायम्फ हेराल्ड. आजोबांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती, तिचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटायचं आणि मी पुढच्या चाकावर बसून आजोबांना एकेक पाना हातात द्यायचे, तो ऑइलचा वास अजून आठवतो.

लिंकनशायरमध्ये एक १९७० ची १३/६० मॉडेलची सलून फोटोत बघितलीय. घ्यायची, तीन आठवडे यॉर्कशायर डेल्स आणि स्कॉटलंड फिरायचं आणि शेवटी साउदॅम्प्टनहून बोटीवर चढवायची असा बेत आहे. विकणारे गृहस्थ म्हणतात ४० वर्षांवरची गाडी आहे, टॅक्स नाही, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) नाही, चावी घ्या आणि निघा. खरंच इतकं सोपं आहे का? मी तिथली रहिवासी नाही, लायसन्स व्हिक्टोरियाचं आहे, गाडी माझ्या नावावर होईल का? आणि इन्शुरन्स? बरोबर नवरा आणि अडीच वर्षांची मुलगी असेल.

कॉव्हेंट्रीकर

निशाताई, चावी घेऊन निघू नका, आधी हे वाचा.

टॅक्स शून्य आहे याचा अर्थ टॅक्स करायचा नाही असा होत नाही. हिस्टॉरिक, म्हणजे ४० वर्षांवरच्या, गाडीला पैसे लागत नाहीत पण टॅक्स काढावाच लागतो, आणि ऑक्टोबर २०१४ पासून जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही, विकली की तो संपला. त्यामुळे व्यवहार झाला की लॉगबुकमधला (व्ही५सी म्हणतात त्याला) नव्या कीपरचा (म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदवतात त्याचा) हिरवा तुकडा फाडून हातात घ्या, त्यावरच्या नंबरने तिथल्या तिथे फोनवरून टॅक्स करता येतो. लॉगबुकवर टॅक्स क्लास 'हिस्टॉरिक' लिहिलाय ना ते घ्यायच्या आधीच बघा, कारण गाडी म्हातारी झाली म्हणून तो आपोआप बदलत नाही, कोणीतरी बदलून घ्यावा लागतो. आणि गाडी सॉर्नवर असेल, म्हणजे रस्त्यावर नाही असं कळवून ठेवलेली असेल, तर टॅक्स होईपर्यंत फक्त आधी वेळ घेतलेल्या एमओटीला नेता येते, तीही इन्शुरन्स असेल तरच.

नावाचं म्हणाल तर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या गाडी-नोंदणी खात्याला, ब्रिटनमधला पत्ता लागतो. सरळ उपाय म्हणजे भावाला कीपर करा. लॉगबुकवरचं नाव म्हणजे मालकी नव्हे हे त्या लॉगबुकवरच छापलेलं असतं, म्हणून खरेदीची पावती मात्र तुमच्या नावाने, तारीख, किंमत, चासी प्लेटवरचा नंबर आणि दोघांच्या सह्या घालून करा. पुढे कस्टम्सला हीच पावती दाखवायचीय. लायसन्सची काळजी नको, पाहुणे म्हणून १२ महिने चालते.

इन्शुरन्सला वेळ लागतो, त्याचं काम आत्तापासून सुरू करा. क्लासिकच्या पॉलिसीत बऱ्याचदा रोजची वेगळी गाडी आणि रात्री गॅरेज अशा अटी असतात आणि परदेशी लायसन्स म्हटलं की निम्मे लोक फोन ठेवतात. मागे माझ्या मेहुण्यासाठी मी सहा ठिकाणी फोन केले तेव्हा सातव्याने होकार दिला. पण एक करू नका, भावाला मुख्य ड्रायव्हर दाखवून स्वतः चालवायची. त्याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती सरळ फसवणूक धरतात, क्लेम तर जाईलच. मालक मी, कीपर भाऊ, चालवणार मी, तीन आठवडे, मग एक्स्पोर्ट, असं सगळं खरं सांगून लेखी घ्या. विनाइन्शुरन्स पकडलं तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर ६ पॉइंट आणि गाडी उचलून नेतात ती वेगळी.

स्पॅनर_आणि_चहा

एमओटी लागत नाही हे खरं, ४० वर्षं झाली असतील आणि गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला नसेल तर सूट आहे. पण गाडी रस्त्यावर धडधाकट असायची जबाबदारी चालवणाऱ्याचीच, धोकादायक गाडी चालवली तर दंड २५०० पौंडांपर्यंत जातो. माझं ऐका, मुद्दाम एमओटी करून घ्या. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे आणि खाली पिटमधून कोणीतरी त्रयस्थ माणूस बघतो हे लाखमोलाचं. जुन्या टेस्टचा इतिहास नंबर टाकून ऑनलाइन फुकट बघता येतो, तो आजच बघा.

हेराल्डला स्वतंत्र चासी असते, वरची बॉडी चकचकीत आणि खाली आउटरिगर (चासीच्या बाजूला निघालेले बॉडीचे आधार) कुजलेले अशा गाड्या मी स्वतः बघितल्यात. डिकीतली मॅट उचला, दाराखालून हात फिरवा, पापुद्रे हाताला लागले तर पुढे बोलूच नका. आणि दुसरं, पुढच्या चाकाचे ट्रनियन. पितळी ठोकळ्यासारखा भाग असतो खालच्या बाजूला, त्यात ग्रीस नाही तर ईपी ९० गिअर ऑइल घालतात. वर्षानुवर्षं कोरडा राहिला किंवा कोणी ग्रीस भरलं तर आतले आटे झिजतात, उभा दांडा तुटतो आणि चाक आत दुमडतं. तर विकणाऱ्याला एवढंच विचारा की ट्रनियनला काय घालता. 'ग्रीस' म्हणाला तर दोन्ही बाजू उघडून बघितल्याशिवाय स्कॉटलंडचं नाव काढू नका.

पेट्रोल ई५ वालं (इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंत) सुपर भरा, साधं आता ई१० (१० टक्क्यांपर्यंत) असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही.

ब्रिस्बेन_बापू

इकडची, ऑस्ट्रेलियाची बाजू मी सांगतो कारण आमची मॉरिस मायनर याच वाटेने आली. २५ वर्षांवरची गाडी आणता येते पण आयातीची परवानगी बोट सुटायच्या आधी हातात हवी. पावती झाली की त्याच आठवड्यात रोव्हर या सरकारी पोर्टलवर अर्ज टाका.

खरी डोकेदुखी ॲस्बेस्टॉसची आहे. २००३ च्या अखेरीपासून इकडे पूर्ण बंदी आहे आणि त्या काळच्या ब्रेक शूजमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये ते सर्रास असायचं. 'नसेल बहुतेक' चालत नाही, पुरावा लागतो. आम्ही चारही चाकांचे ब्रेक शूज, क्लच आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट तिकडेच बदलून घेतलं, प्रत्येक भागाचं बिल आणि काढतानाचे फोटो ठेवले, तपासणीला तेच उपयोगी पडलं. तुम्ही ब्रेक स्कॉटलंडला जायच्या आधीच बदला, तेवढंच आपल्याला फिरताना निर्धास्त. आणि खालून चिखल, गवत, बी काही राहता कामा नये, डेल्समधून आल्यावर वाफेने धुऊन घ्या.

निशा_मेलबर्न

केवढी मदत केलीत सगळ्यांनी, मनापासून आभार! विकणाऱ्यांना फोन करून ट्रनियनचं विचारलं, पलीकडून लगेच "ऑइल, नेहमीच ऑइल" असं आलं, फार बरं वाटलं. लॉगबुकवर क्लास हिस्टॉरिकच आहे. दोन गोष्टी राहिल्या. एक्स्पोर्टचं डीव्हीएलएला कधी कळवायचं? आणि मागच्या सीटला बेल्टच नाहीत असं ते म्हणाले.

कॉव्हेंट्रीकर

लॉगबुकमध्ये परमनंट एक्स्पोर्टचा भाग असतो, तो भरून स्वान्सीला डीव्हीएलएच्या कचेरीत पाठवायचा आणि बाकीचं लॉगबुक तुमच्याबरोबर न्यायचं. पण घाई नको, कळवलं की टॅक्स रद्द होतो आणि बंदरापर्यंतचा रस्ताही रस्ताच आहे. साउदॅम्प्टनला गाडी सोपवलीत की त्याच दिवशी भावाला पोस्टात टाकायला सांगा. नवीन लॉगबुक भावाच्या पत्त्यावर यायला दिवस लागतात, तेव्हा लेस्टरला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात व्यवहार उरका.

बेल्टचं मात्र नीट ऐका. बेल्ट नसलेल्या सीटवर ३ वर्षांखालच्या मुलाला बसवायला कायद्याने मनाई आहे, गाडी कितीही जुनी असो. मागे बेल्ट बसवून घ्या, जाणकार माणसाकडून, पत्र्याला नाही तर मजबूत जागी, आणि त्यात बसणारी चाइल्ड सीट आधी लावून बघा. ते होईपर्यंत मुलगी भावाच्या गाडीतून येऊ दे.

निशा_मेलबर्न

बेल्ट आधी, स्कॉटलंड नंतर. भावाला आत्ताच फोन लावते.