हिंदी आवाज लावला की चित्र फुटतं का?

सिडकोकर
बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत. छपाईतली रेघ केसभर जाड पडली तरी त्यांना खुपायची. आता तीच नजर आमच्या नव्या ४३ इंची टीव्हीवर आहे. 'रिंग्ज ऑफ पॉवर' (इंग्रजी मालिका) हिंदीतून लावून दिलंय, कारण खालची इंग्रजी अक्षरं वाचेस्तोवर वर कुणाचं तरी मुंडकं उडालेलं असतं. उजेडातलं छान दिसतं, पण रात्रीचा प्रसंग आला की आभाळात नुसते चौकोन. "छपाई उतरलीये," म्हणतात. मित्राने पेनड्राइव्हवर दिलंय, नावात ४के लिहिलंय. हिंदी डबिंगमुळे होतंय का हे?

तारवाला
आवाजाचा काही संबंध नाही. चित्र तेच असतं, भाषेचे ट्रॅक वेगळे जोडलेले असतात. फाइल केवढी आहे?

सिडकोकर
तासाभराचा भाग, ९०० एमबी.

तारवाला
मग झालं! तासाला ९०० एमबी म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. नेटफ्लिक्ससारखे लोक ४के साठी सेकंदाला १५ मेगाबिटचा स्पीड मागतात. ४के म्हणजे ८३ लाख ठिपके, पण त्यात भरायला माल नको? फाइल दाबून लहान करताना पहिली काटकसर अंधारात होते, जवळजवळच्या काळ्या छटा एकाच चौकोनात कोंबतात. आणि हा चोरीचा माल आहे, तेवढं मित्राला सांग.

गोदाकाठची
दादा, ॲमेझॉन प्राइमवर हिंदी ट्रॅक आहे की. फक्त त्यांचा स्वस्तातला लाइट प्लॅन घेऊ नका, त्यात ४के येत नाही. आणि नेटचा वेग टीव्हीपर्यंत पोचतोय का बघा. आमचा राउटर देवघरामागच्या कपाटात होता, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींत गारद व्हायचं. शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढली. टीव्हीचं मोशन स्मूदिंगही (हालचाल जास्तच गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर राक्षससुद्धा सासू-सुनेच्या मालिकेतले वाटतात.

सिडकोकर
काल प्राइमवर लावलं. सुरुवातीला जरा धूसर, मग एकदम लख्ख. बाबा उठले, चष्मा कपाळावर चढवून टीव्हीला नाक लावून उभे. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "हां, आता बसली छपाई."
आज सकाळी नवीन तक्रार: ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं. हे कुठल्या सेटिंगमध्ये असतं?

तारवाला
ते डबिंग आहे रे बाबा. काकांना सांग, वायर बदलून जाणार नाही.