धुऱ्यावर (बांधावर) शेराचं झाड लावू का? घरी लहान लेकरं हायेत

दारव्हा_वावर:
नमस्कार मंडळी, वावर गावरस्त्याले लागून हाय, मोकाट ढोरं तूर ठेवतच नाईत. काट्याची कुपाटी दरसाल नवी करा अन् उन्हाळ्यात लोकं चुलीले नेतात, तारेचं बजेट नाई. शेजारचे काका म्हन्तेत शेराच्या फांद्या टोच, फुकटात काम होते. पण त्याच्या पांढऱ्या चिकानं डोळा जाते म्हन्तेत, खरं हाय का? लेकरं वावरात येत रायतात.

मुरमाड_रान:
भाऊ, शेर लय कामाचा. झाड मूळचं आफ्रिकेतलं पण आपल्या मुरमात मस्त जमते. पानं नावालेच, हिरव्या कांड्याच पानाचं काम करतात, म्हनून मे महिन्यातबी हिरवा. ढोर-बकरी तोंड लावत नाई. हातभर फांदी तोडून चार-सहा दिवस सावलीत टाका, कापलेलं तोंड वाळलं का टोचा, नाईतर सडते. काळ्या जमिनीत पानी साचते, तिथं धुऱ्याच्या माथ्यावरच लावा. रानडुकरासाठी मात्र याच्या भरवशावर राहू नका, ते बुडातून घुसते.

सालोसाल_शेती:
डोळ्याचं एकदम खरं हाय. आमच्या सालदारानं कुपाटी छाटली अन् त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला. थोड्या वेळानं आग सुरू, रात्री डोळा उघडेना, सकाळी सगळं धुरकट. डॉक्टर म्हनले बुबुळावरच्या पडद्याले सूज हाय. औषधानं नजर वापस आली, पण हाल पाह्यवले नाईत.

चीक उडला तर तिथल्या तिथं साध्या पान्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा अन् सरळ दवाखाना, दूध-तूप काहीच टाकू नका. अंगाले लागला तर साबन लावा, नुसत्या पान्यानं तो चिकट चीक निघत नाई. छाटताना गॉगल, हातमोजे, पूर्ण बाहीचा सदरा, अन् वारा पाठीमागून घ्या. फांद्या जाळूबी नका, धूरही झोंबते. अन् चामखिळीले चीक लावायचे सल्ले कोनी देईल तं ऐकू नका.

दारव्हा_वावर:
लय बरं झालं इचारलं. मंग रस्त्याकडच्या धुऱ्यावरच लावतो. विहीर अन् झोपडीकडून लेकरं खेळतात, तिकडं काय लावू?

मुरमाड_रान:
तिकडं करवंद लावा. काटे हायेत, पन त्याच्या चिकाचं असं भेव नाई, अन् फळंबी भेटतात. शेराची ओळ सुरू होते तिथं लेकराईले आताच नेऊन दाखवा, कांडी मोडली का पांढरं निघते ते लांबून पाहू द्या.