प्रायमरीत कोणाला मत द्यायचं, तुम्ही कसं ठरवलंत? (अनुभव धागा)

आयोवाकर_ताई:
परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला एक मुलगी भेटली, नुकतीच इथली, अमेरिकेची नागरिक झालेली. म्हणाली, "ताई, नोव्हेंबरचं मत समजतं. पण प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, सगळे एकाच पक्षाचे, बोलतातही साधारण तेच. निवडायचं कसं?" तिच्याशी बोलता बोलता २००८ ची ती रात्र आठवली.

३ जानेवारी, आमचं कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी सभा भरवून उमेदवार निवडायचा. बाहेर मरणाची थंडी आणि शाळेच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नाही. आयोवात तेव्हा डेमोक्रॅटांची गुप्त मतपत्रिका नव्हती. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजारीपाजारी सगळे बघतायत. हॉलमधल्या निदान १५ टक्के लोक तुमच्या कोपऱ्यात हवेत, नाहीतर गट मोडतो. मग दुसरा कोपरा धरा किंवा घरी जा.

मी बायडनच्या कोपऱ्यात. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, इराकवर बोलायला लागले की तपशिलात शिरायचे. पण आमचा गट अगदीच मूठभर, मोडला. लगेच बाकीच्या गटांतली माणसं आमच्याभोवती जमली. क्लिंटन गटातल्या एक बाई शांतपणे सांगत होत्या की आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा केल्याशिवाय परवडेल असा होणार नाही, आणि ओबामांच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती आहे. मुद्दा पटला. मग ओबामा गटातला एक सतरा वर्षांचा मुलगा आला (नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर तिथे चालायचं). त्याने आधी मला विचारलं, "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?" मी म्हटलं, युद्ध. तो म्हणाला, "२००२ च्या इराक युद्धाच्या ठरावाला क्लिंटन हो म्हणाल्या, तुमचे बायडनही हो म्हणाले. ओबामा तेव्हा शिकागोत उघड विरोधात बोलले होते." मी चालत त्याच्या कोपऱ्यात गेले.

विम्याच्या बाबतीत क्लिंटनबाईच बरोबर होत्या असं मला आजही वाटतं. २०१० च्या कायद्यात ओबामांनी स्वतःच ती सक्ती आणली. म्हणून त्या मुलीला सांगितलं, सगळ्या मुद्द्यांवर एकच माणूस सरस कधीच निघत नाही. आपला पहिला प्रश्न कोणता ते आधी ठरव, मग माणसं बघ.

तुम्ही कसं ठरवलंत? लिहा.

जर्सीची_काकू:
आमच्याकडे त्या वर्षी घरातच दोन तट. मी हिलरी, मुलगा ओबामा. २००७ मध्ये ओबामांच्या प्रचारातल्या लोकांनी एका कागदावर हिलरींना 'पंजाबच्या डेमोक्रॅट' म्हटलं होतं, भारतीय देणगीदारांवरून. मला फार लागलं ते. ओबामांनी नंतर माफी मागितली, पण मनातून गेलं नाही. मुलगा म्हणायचा, आई, माफी मागतो हेही बघ ना. ५ फेब्रुवारीला दोघं एकाच गाडीतून मत द्यायला गेलो. आमच्या राज्यात हिलरी जिंकल्या. संध्याकाळी त्याला आवडतात म्हणून थालीपिठं लावली, तरी गप्पच होता बिचारा

पिठलं_भात:
काकू भाजणी घरची का? तिकडे ज्वारी चांगली मिळते?

जर्सीची_काकू:
मिळते गं. भाजून इथेच दळते, छोटी गिरणी घेतलीय.

एडिसनचे_काका:
१९८४ सांगतो. डेमोक्रॅटांची प्रायमरी, माँडेल विरुद्ध गॅरी हार्ट, जेसी जॅक्सनही होते. हार्ट तरुण, नव्या कल्पनांचा माणूस, आम्हा इंजिनियर मंडळींना आवडायचा. माँडेल म्हणजे युनियनचा भरवसा. मी हार्टकडे झुकलेला. मग गडी कॅलिफोर्नियात जाऊन भाषणात न्यू जर्सीची चेष्टा करून आला! त्याची बायको म्हणाली, मला इथे कोआला हातात घ्यायला मिळाला. हा म्हणाला, मला तिकडे विषारी कचऱ्याचे नमुने. आमच्या लंच टेबलावर दुसरा विषय नव्हता. ज्याला मतं मागायच्या दिवसांत जीभ आवरत नाही तो रशियाशी काय बोलणार? मी माँडेलना मत दिलं. ५ जूनला हार्टने कॅलिफोर्निया जिंकलं आणि आमचं राज्य घालवलं.

माँडेल उमेदवार झाले. नोव्हेंबरात रेगनपुढे फक्त मिनेसोटा आणि राजधानी हाती लागली. पण मी स्वभाव बघून मत दिलं होतं, आजही तेच करतो.

सनीवेल_मराठी:
काका 🙏 २०२० ला आमच्याकडे एकच चर्चा, ट्रम्पना कोण हरवेल. वॉरनबाईंचे प्लॅन मला तोंडपाठ होते. बाल संगोपनाचा तर अगदी माझ्यासाठीच, डे केअरचे पैसे भरून जीव जात होता. तरी सगळे म्हणाले बाई निवडून येणार नाही, आणि मी बुटिजेजना टपालाने मत पाठवलं. साउथ कॅरोलिनात तिथले वजनदार खासदार क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला, २९ फेब्रुवारीला ते दणकून जिंकले, आणि १ मार्चला बुटिजेज बाहेर! आमचं मतदान ३ मार्चला. घाईत लिहितेय, लेकीचा क्लास सुटला

आयोवाकर_ताई:
@सनीवेल_मराठी टपालाचं मत शेवटच्या आठवड्यापर्यंत पाठवूच नये गं. आणि 'बाई निवडून येणार नाही' हे ऐकून मत बदलायचं म्हटलं तर ती कधीच यायची नाही. मनापासून लिहितेय, रागावू नकोस.

सनीवेल_मराठी:
नाही हो ताई, पटतंय.

क्वीन्स_वाला:
तोलायचं वगैरे पुढे. आधी नोंदणी बघा!! न्यूयॉर्कमध्ये २०१६ ची प्रायमरी एप्रिलमध्ये आणि पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात. आमच्या हिला सँडर्सना मत द्यायचं होतं, नोंद कुठल्याच पक्षात नाही, संपलं. इव्हांका आणि एरिक ट्रम्पनासुद्धा स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं.

नाशुआकर:
आमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये उलट. पक्ष न लावलेल्या मतदाराला दोन्हीपैकी कुठलीही मतपत्रिका मागता येते. २०२४ ला मी रिपब्लिकन घेतली आणि हेलीबाईंना मत दिलं. बाहेर पडताना फॉर्म भरून परत बिनपक्षाचा. साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर, मग संयुक्त राष्ट्रांत राजदूत, युक्रेनवर ठाम. जिंकल्या नाहीत, पण ट्रम्पना सोपं गेलं नाही.

पिठलं_भात:
म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन त्यांची सून पसंत करायची 😄

नाशुआकर:
😄 पण ती सून आम्हालाही चार वर्षं सांभाळणार ना! नोव्हेंबरात दोनच नावं समोर येतात, ती चांगली यावीत ही आमचीही गरज.

क्वीन्स_वाला:
याला माझा विरोध. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या लोकांनी ठरवावा.

कोथरूड_पुणे:
वाचून हेवा वाटला. आपल्याकडे तिकीट वरून येतं. आमच्या वॉर्डात कोण उभं राहणार हे आम्हाला पेपरात कळतं. मला कोणी त्या जिममध्ये उभं करून 'तुमच्यासाठी महत्त्वाचं काय' विचारलं तर मी पाणी म्हणेन. ताई, ते कॉकस अजून तसंच असतं का?

आयोवाकर_ताई:
नाही हो. २०२० ला निकालाचं ॲप कोलमडलं, दिवसेंदिवस आकडे येईनात. २०२४ ला डेमोक्रॅटांनी साउथ कॅरोलिनाला पहिला मान दिला, आणि आमच्याकडे उमेदवाराची पसंती टपालाने. कोपरे गेले. मला फार वाईट वाटतं.

नवी_जर्सीकर:
आम्ही मागच्या वर्षीच नागरिक झालो, पक्ष काही लिहिला नाही. क्वीन्स दादांचं वाचून घाबरले. इथे पण ऑक्टोबर का?

एडिसनचे_काका:
नाही बेटा. न्यू जर्सीत पक्ष लावलेला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच सांगायचं कुठला पक्ष. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तरच ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. काउंटी क्लार्ककडे फोन करून खात्री कर.