आठवडे बाजाराचा कचरा, हद्दीपलीकडच्या पिशव्या आणि न खपणारं खत

रंगावलीकाठ:
नवापूर पट्टा, क वर्ग पालिका, लोकवस्ती 25,000 च्या आसपास. बाजाराच्या दिवशी कचरा दुप्पट होतो. निम्मे विक्रेते गुजरातेतून येतात, प्लास्टिकच्या पिशव्या तिकडूनच आणतात. हटकलं की "120 मायक्रॉन जाडीची आहे, चालते" म्हणतात. डेपोवर खत होतं, पण घाण वास मारतं आणि त्यात प्लास्टिकच्या चिंध्या निघतात. शेतकरी फुकटही नेत नाहीत. नेमकं कुठे चुकतंय?

पावतीबुक:
120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद, हा नियम देशपातळीवरचा. महाराष्ट्रात 2018 च्या अधिसूचनेनं हँडलची प्लास्टिक पिशवी जाडी न बघताच बंद आहे. विक्रेता कुठलाही असो, वापर तुमच्या हद्दीत झाला की नियम इथलाच. दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि 3 महिने कैद. पण मेथीच्या चार जुड्या विकणाऱ्या बाईला 5,000 ची पावती फाडून काही होत नाही, उलट बाजार बसतो. पिशव्यांचे गठ्ठे पुरवणारा एकच असतो आणि पहाटे माल उतरताना येतो. त्याला तिथेच गाठा. बाजार फीच्या ठेक्यात 'ओटा रिकामा करताना पाला क्रेटमध्ये' ही अट घाला. दंड मात्र पालिकेचा अधिकृत माणूसच करणार, ठेकेदार नाही.

शेणकाला:
भाऊ, पिशव्या थांबल्या तरी वास जाणार नाही, तो ओलीचा आहे. माणशी 250 ग्रॅम धरले तर रोजचा कचरा 6 टन, त्यात ओला 3 टनांच्या घरात. त्याचा रोज एक वेगळा विंड्रो, म्हणजे लांबट ढीग, लावा: 4 मीटर लांब, तळाशी 2 मीटर रुंद, दीड मीटर उंच. कालच्या ढिगावर आजचा माल टाकला की मधे हवा शिरत नाही आणि सगळं सडतं. बाजारचा पाला म्हणजे निव्वळ पाणी. तीन घमेली पाल्याला एक घमेलं भुसा किंवा वाळला पाला हवाच, वर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा.

मूठभर माल दाबून बघा. एकदोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर भुसा कमी, हात कोरडा राहिला तर पाणी मारा. लोखंडी सळई ढिगात पाच मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही तर आत 55-60 अंश आहेत. दर आठवड्याला पलटी, असे पाच आठवडे, मग पंधरा दिवस मुरू द्या. वर पत्रा हवाच. मे महिन्यात ऊन ढीग सुकवतं आणि कुजणं थांबतं, पावसाळ्यात उलटं. तळ पक्का आणि उताराचा, काळं पाणी एका खड्ड्यात जमवून तेच ढिगावर मारा.

रंगावलीकाठ:
आणि चिंध्या?

शेणकाला:
घंटागाडीतच ओला-सुका वेगळा घ्या. ढिगात गेलेली पिशवी पलटी मारताना फाटते, मग तुकडे वेचता येत नाहीत. मुरल्यावर 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ओला माल चाळू नका, जाळी बुजते.