विषय: ३० एप्रिलची हार्झ सहल

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदा ३० एप्रिलला इथल्या, जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात वालपुर्गिसनाख्ट म्हणजे चेटकिणींच्या रात्रीचा उत्सव बघायला जायचं ठरतंय. त्या रात्री चेटकिणी झाडूवर बसून ब्रोकनच्या माथ्यावर (१,१४१ मीटर) जमतात, नाचून नाचून उरलासुरला बर्फ वितळवतात, अशी इथली जुनी समजूत. आपण माथ्यावर न जाता पायथ्याच्या शीर्के गावात थांबू. गावाचं नाव ऐकून मुलांना कुणाचं तरी आडनाव वाटेल! जवळच्या टाले गावातही मोठा उत्सव असतो, पण लहान मुलं घेऊन त्या गर्दीत नको. मुलांना काळे झगे, टोकदार टोप्या, जमल्यास झाडू. स्वेटर, कानटोपी विसरू नका, तिथे एप्रिलअखेरही रात्री हुडहुडी भरते. दुसऱ्या दिवशी १ मे, इथेही सुट्टी. रविवारपर्यंत नावं कळवा.
– सचिव

---

सचिवदादा,

आमची चार नावं धरा. पण एक विनंती आहे आणि ती मनापासून आहे. जिथे शेकोटीत चेटकिणीचा पुतळा जाळतात, तिथे मुलांना नेऊ नका.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका लहान गावात ही रात्र बघितली. गवताची बाहुली, पण डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला, कमरेला स्वयंपाकाचा ॲप्रन. आधी रुमालाने पेट घेतला. लेक तेव्हा सहा वर्षांची. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, हिने काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

युरोपात चेटकीण ठरवून अंदाजे ४० ते ६० हजार माणसं मारली, बहुतेक बायका, आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येने याच जर्मन भाषेच्या मुलखात. लग्नाआधी मी दोन वर्षं धडगावला शिकवत होते. डाकीण ठरवलेल्या बाईच्या अंगणात कुणी पाणी प्यायलाही थांबत नसे. आपल्याकडे जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तो २०१३ साली, दाभोलकरांच्या खुनानंतर. माझ्यासाठी ही जुनी गोष्ट नाही हो.
– काकू

---

काकू,

तुमचा त्रास समजतो. पण आपणही होळी पेटवतोच ना? ढुंढा राक्षसीला पळवायला बोंबा मारतो, शिव्यासुद्धा देतो. हार्झमध्येही तेच: जाळ, आरडाओरडा, आसूड कडाडवणं, हिवाळा गेला म्हणून आनंद. माझ्या शेजारच्या आजी हार्झच्याच, तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या भागातल्या. १९६१ला सीमा बंद झाल्यावर सीमेलगतच्या ब्रोकनवर लष्करी पहारा बसला, घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर त्यांना २८ वर्षं पाय ठेवता आला नाही. ३ डिसेंबर १९८९ला लोकांनी फाटक उघडायला लावलं, त्या गर्दीत आजी होत्या. दर ३० एप्रिलला त्या अजूनही टोपी घालतात. त्यांच्या आनंदाला मी नावं ठेवू शकत नाही.
– दादा, ग्योटिंगन

---

दादा,

आजींना माझा नमस्कार सांगा. टोपीला माझा विरोध नाहीच. लेक यंदाही टोपी घालणार आहे, झाडू तिने स्वतः बांधलाय, बर्चच्या फांद्यांचा. नाचू दे, ओरडू दे.

पण ढुंढा कुणाची शेजारीण नव्हती, कुणाची सुईण नव्हती. त्या बाहुलीचा ॲप्रन माझ्या आईच्या पदरासारखा होता, कडेला हात पुसून मळलेला. फरक मला तिथे दिसतो. बसमध्ये मला पंधरा मिनिटं द्या. मुलांना मी आना ग्योल्डीबद्दल सांगेन, स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची मोलकरीण. १७८२मध्ये तिचा शिरच्छेद केला आणि २००८मध्ये तिथल्याच विधिमंडळाने ती निर्दोष होती असं जाहीर केलं. मोठ्यांनी केलेली चूक मोठ्यांनी कबूल केली, हे मुलांना कळतं.
– काकू

---

मंडळी,

काकूंना जाताना पंधरा नाही, अर्धा तास. पुतळा जाळणार आहेत का, हे मी गावात फोन करून आधीच विचारतो. जाळणार असतील तर मिरवणूक बघून आपण तिथून निघू आणि मुक्कामाच्या अंगणात आपलीच शेकोटी करू, तिथे परवानगी आहे. लाकडं तिथेच विकत मिळतात. दादा, आजी येणार असतील तर बसमध्ये पुढची सीट त्यांची.

१ मेला सकाळी नऊला राज्यगीत, मग पोहे. पोह्यांची जबाबदारी अजून कुणी घेतलेली नाही.
– सचिव