मीटर रूमचं टेंडर: परवाना नाही तर पाकीट बाद

सचिव: आपल्या सोसायटीच्या मीटर रूम आणि रायझरच्या (मजल्यांवर जाणाऱ्या मुख्य वायरींच्या) रिवायरिंगसाठी कॉन्ट्रॅक्टरांनी दिलेली टेंडरची तिन्ही पाकिटं काल कमिटीसमोर उघडली. तिसऱ्याचा दर सर्वांत कमी, बाकी दोघांपेक्षा बराच खाली. रविवारी मीटिंग.

बी-३०२: मग तिसऱ्यालाच द्या की. रिपेअर फंडात आहेच किती!

ए-५०४: काका, त्याच्या पाकिटातली परवान्याची झेरॉक्स मी नीट बघितली. त्यावर त्याच्या फर्मचं नावच नाही, भलत्याचंच आहे. मुदतही मार्चमध्ये संपली. शिक्का असा काळा आलाय की नंबर वाचता येत नाही. हे पाकीट बाद करा.

बी-३०२: अहो ताई, आपला नेहमीचा वायरमनही बिनपरवानाच येतो.

ए-५०४: तो बल्ब, पंखा, फ्यूज बदलतो, त्याला नियमांत सूट आहे. अख्खं रिवायरिंग मात्र राज्य सरकारचा परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली. सीईएचे, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, २०२३ चे सुरक्षा नियम आहेत. उद्या टेस्ट रिपोर्टवर सही कोण करणार? मीटर रूम जिन्याखाली आहे. तिथे आग लागली तर वरच्या सगळ्यांची वाट बंद. माझी सासू वॉकरवर चालते हो.

सी-१०१: आमचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे लायसन्स नसताना नुसतं कोटेशन दिलं तरी गुन्हा! पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय काम करूनही कोर्टात पैसे मागता येत नाहीत, उलट घरमालक दिलेले पैसे परत वसूल करू शकतो. १,००० डॉलरच्या आतल्या किरकोळ कामाला तेवढी सूट.

ए-५०४: काकू, ती पैसे परतीची तरतूद खरी जरब बसवणारी. आपल्याकडे प्लास्टर, वॉटरप्रूफिंगवाल्यांना तसा सरसकट परवानाच नाही, म्हणून टेंडरची अट हाच आपला चाप. पुढच्या टेंडरमध्ये लिहा: कागद खोटा निघाला तर ईएमडी (टेंडरसोबत भरलेली अनामत) जप्त, वर्क ऑर्डर रद्द.

बी-३०२: ईएमडीचं पटलं. पण त्याला एकदा विचारा तरी.

सचिव: आजच पत्र देतो. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत स्वतःच्या नावाचा, चालू मुदतीचा मूळ परवाना ऑफिसात दाखवायचा. नाही दाखवला तर रविवारी दोनच पाकिटांवर चर्चा. ताई, त्या दोघांचेही परवाने तपासायला तुम्ही याल का?

ए-५०४: येते. मूळ कागदच मागवा, झेरॉक्स नको.